सदर इसम एकच आहे

सुर्वे वकिलांच्या टेबलाच्या काचेखाली दोन चित्रं आहेत. डावीकडच्या चित्रात दाढीवाला, छाती पुढे काढून उभा असलेला, सोनेरी बटणांचा डगला घातलेला एक किल्लेदार आहे. उजवीकडच्यात होडी वल्हवणारा एक माणूस आहे. त्याने डोक्यावरून घोंगडीसारखं काहीतरी ओढून घेतलंय, त्यामुळे त्याचं तोंड दिसत नाही. समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येक अशिलाला, त्याचं काम काय हे विचारायच्या आधी, सुर्वे वकील काचेवर बोट ठेवतात आणि विचारतात, "नीट बघा आणि सांगा. सदर इसम एक की दोन?"

अशील घाबरतो. पोलिसांची ओळखपरेड हल्ली वकिलाकडेच होते की काय, असं त्याला वाटतं. लांज्याकडचे एक आजोबा हात जोडून म्हणाले होते, "साहेब, मी ह्यांना कधी बघितलेला नाय. मी त्या दिवशी शेतावर होतो." एका बाईने दोन्ही चित्रं बराच वेळ न्याहाळून सांगितलं, "एक असू देत नाय तर दोन, उजवीकडच्याला आधी काहीतरी खायला घाला."

मी वकिली सुरू केली तेव्हा सुर्वे वकिलांच्याच खोलीत मला एक कोपरा मिळाला. कोर्टासमोरच्या गल्लीत, जिन्याखालची ती खोली. पहिल्याच दिवशी मलाही तो प्रश्न विचारला गेला. मला वाटलं, घरातली कुणी मंडळी असतील. मी म्हटलं, "दोन असावेत, सर." त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला चहा विचारला नाही.

चित्रं घरातल्या मंडळींची नव्हती. ती एका कॉम्प्युटर गेमची होती.

सुर्वे वकिलांनी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा विकणाऱ्याने त्याच्याबरोबर काही सीड्या फुकट दिल्या होत्या. त्यातली एक टायपिंग शिकायची असेल, अशा समजुतीने त्यांनी ती लावली आणि पडद्यावर समुद्र आला. "समुद्र दिसला म्हणून बसलो गो बाय," ते सांगतात. "पुणेरी माणूस असता तर उठला असता." त्या खेळाचं नाव ब्रॅनमोर. ब्रॅनमोर हे एक बेट, त्यावर एक जळका किल्ला. नेड नावाचा मुलगा आपल्या बापाला शोधत तिथे येतो. बाप त्या किल्ल्याचा किल्लेदार, आणि किल्ला जळाला त्या रात्रीपासून तो बेपत्ता. नेडला बेटावर खाडी ओलांडून सारखं इकडून तिकडे जावं लागतं आणि दर वेळी त्याला तो तोंड झाकलेला होडीवाला नेतो. काही घेत नाही, फारसं बोलत नाही. शेवटी नेड बेट सोडून जातो. बाप सापडतच नाही. होडीवाला किनाऱ्यावर उभा राहून हात हलवतो आणि खेळ संपतो.

आता प्रश्न असा, की तो होडीवाला म्हणजेच बेपत्ता किल्लेदार, की तो आपला निराळाच कुणी? खेळ ते सांगत नाही. खेळ बनवणारे दोघे होते. त्यातला एक म्हणतो, अर्थातच एक. दुसरा म्हणतो, आम्ही असा काही विचारच केला नव्हता. दोघांचं आपसात पटत नाही.

साधा माणूस इथे कॉम्प्युटर बंद करून जेवायला गेला असता. पण सुर्वे वकील म्हणजे नोटरी. आमच्याकडे नोटरीचं अर्धं आयुष्य 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' अशी प्रतिज्ञापत्रं करण्यात जातं. सातबाऱ्यावर शांत्या, शाळेच्या दाखल्यावर शांताराम आणि मुंबईच्या रेशनकार्डावर संतोष. जहाजावर नोकरी केलेल्या राजिवड्याच्या चाचांचं नाव पासपोर्टात इब्राहिम, घरपट्टीवर इब्राम. लग्नाआधीची सुलोचना आणि लग्नानंतरची मृणाल. सगळ्यांना शेवटी सुर्वे वकिलांपुढे येऊन शपथेवर सांगावं लागतं की मीच तो, मीच ती. असा माणूस त्या होडीवाल्याला सोडणार कसा?

होडीवाल्याला ते, आमच्याकडे होडीच्या मुख्य खलाशाला म्हणतात तसं, तांडेल म्हणतात. 'तांडेल' हा शब्द त्यांनी जगाला दिला आहे. म्हणजे खरोखरच दिला आहे. इंटरनेटवर ह्या खेळाच्या वेड्यांचा एक कट्टा आहे. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा, कुणी जपानचा. सगळे आता केस पिकलेले. तिथे सगळे त्या होडीवाल्याला 'तांडेल'च म्हणतात आणि तो शब्द मूळ खेळातलाच आहे, अशी नव्या लोकांची समजूत आहे. कट्ट्यावर दोन तट आहेत, एकवाले आणि दोनवाले. एकवाल्यांचे पुढारी आमचे सुर्वे वकील. तिथलं त्यांचं नाव 'ॲडव्होकेट सुर्वे रत्नागिरी'. एका पोराने त्यांना विचारलं होतं की रत्नागिरी ही पदवी कोणत्या खेळात मिळते.

दोनवाल्यांच्या पुढारी वेल्समधल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. कट्ट्यावर त्या 'म्हातारी कोबी' असं नाव लावतात. सुर्वे वकील त्यांना कोबीबाई म्हणतात.

ह्या दोघांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. सुर्वे वकील इंग्रजीत लिहितात, पण डोकं मराठी दिवाणी दाव्यातलं. "विद्वान कोबीबाई यांनी परिच्छेद दोनमध्ये केलेली कथने खोटी, खोडसाळ व तांडेलाची बदनामी करणारी असून सपशेल नाकबूल आहेत." नाकबूल हा त्यांचा आवडता शब्द. चहात साखर कमी पडली, नाकबूल. मांडवीला वाळूत फूड स्टॉल लागले, नाकबूल. कुणी लग्नाचा विषय काढला तर मात्र म्हणायचे, "तारीख पडली आहे." ती तारीख पडतच राहिली. ते एकटेच आहेत. घरी म्हातारी आई असते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. घरचं ते बोलत नसत.

त्यांचे पुरावे तरी काय? किल्लेदाराच्या चित्रात डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, तांडेलाचीही वाकडी आहे. त्यावर कोबीबाई म्हणाल्या, त्या काळच्या खेळांत सगळ्यांचीच बोटं वाकडी असत, तुम्ही नेडची बघा. दुसरा पुरावा कुत्र्याचा. किल्ल्यातला कुत्रा बेटावरच्या प्रत्येक माणसावर भुंकतो, फक्त तांडेलावर भुंकत नाही. धनी ओळखला, दुसरं काय? कोबीबाईंनी उत्तर दिलं की भुंकण्याचा आवाज त्या जागी घालायचा राहून गेलाय. सुर्वे वकील दोन दिवस जेवले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. मी तेव्हा त्यांना वडापाव खाताना पाहिलं होतं, पण तो मुद्दा मी नाकबूल करणार नाही.

एकदा भाट्याच्या पुलाखाली होड्या लागल्या होत्या. सुर्वे वकील काठावर उतरले आणि एका खलाशाला विचारू लागले, "तोंड पूर्ण झाकून माणूस किती वेळ वल्हवू शकेल?" खलाशी म्हणाला, "साहेब, आमी तोंडान नाय वल्हवत." हे उत्तर त्यांनी साक्ष म्हणून कट्ट्यावर टाकलं.

खरी गंमत कोर्टात झाली. वारसाचा एक दावा होता. समोरच्या वकिलांचं म्हणणं होतं की मुंबईहून परत आलेला हा माणूस तो नव्हेच. सुर्वे वकील उभे राहिले आणि फार सुंदर बोलले. गावातल्या बायांनी ओळखला, मास्तरांनी ओळखला, आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, "आणि साहेब, किल्ल्यातला कुत्रासुद्धा भुंकला नाही."

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठला किल्ला, सुर्वे?"

"माफी असावी साहेब. तो दुसरा मामला."

दावा मात्र जिंकले.

कोबीबाईंशी त्यांचं वैर नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यांनी वेल्सला आंबापोळी पाठवली. मी म्हटलं, "सर, ही लाच झाली." ते म्हणाले, "साक्षीदार भत्ता." कोबीबाईंचं उत्तर आलं, की वस्तू अतिशय रुचकर आहे, पण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.

कोबीबाईंचा एकच मुद्दा असा होता, ज्यावर सुर्वे वकील चिडायचे. बाई विचारायच्या, तांडेल जर बाप आहे, तर समोर बसलेल्या आपल्या पोराला तो सांगत का नाही? पोरगं रडतं, बाप कुठे म्हणून विचारतं, आणि हा मुकाट वल्हवतो. असा बाप असतो का? सुर्वे वकील दर वेळी लिहायचे, "हा भावनिक मुद्दा आहे, कायद्याचा नव्हे. नाकबूल." पण लिहून झाल्यावर बराच वेळ समोरच्या पडद्याकडे बघत बसायचे.

ह्या वर्षी कट्ट्याने ठरवलं की हा वाद एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. रविवारी, आमच्याकडची संध्याकाळ आणि कोबीबाईंची दुपार, अशी वेळ ठरली. सगळ्यांनी व्हिडिओवर जमायचं, दोन्ही बाजूंनी बोलायचं आणि शेवटी मतदान. कोर्टासमोरचा रस्ता खणल्यामुळे ऑफिसातलं इंटरनेट बंद होतं. सुर्वे वकील म्हणाले, "बाय, तू माझ्या घरी ये. ज्युनिअर म्हणून बस. कॅमेऱ्याचं मला कळत नाही आणि आवाज गेला तर मी बोलत राहीन."

इतकी वर्षं एका खोलीत बसून मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. मांडवीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. दार उघडलं तर ते काळा कोट, पांढरे बँड, पॉलिश केलेले बूट अशा पूर्ण पोशाखात. घरात बूट घालून उभे. मी बघतेय हे बघून म्हणाले, "कोर्ट कुठेही भरू दे."

पडद्यावर चौकोनाचौकोनांतून चेहरे आले. कोबीबाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर मांजर. सुर्वे वकिलांनी उभं राहून त्यांना नमस्कार केला, तेव्हा कॅमेऱ्यात फक्त कोटाची बटणं दिसली. मी त्यांना खाली बसवलं.

मग ते बोलले. करंगळी झाली, कुत्रा झाला. ब्राझीलच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. रंग चांगला चढत होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला आणि त्यांच्या आई बाहेर आल्या. सुती नऊवारी, केसांचा एवढासा अंबाडा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू कोण गो? वकिलांकडे कामाला?"

"हो, आजी."

"बरे आहेत हो वकील." त्या माझ्या शेजारी टेकल्या. "आमच्याकडे भाड्याने राहतात. फक्त घरात बूट घालतात तेवढं एक."

मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मी हसून सुर्वे वकिलांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"चुकलं काकी," ते म्हणाले. "चहा ठेवू तुमचा?"

"मुकुंदा आल्यावर घेऊ सगळे मिळून. आला नाही ना अजून?"

"अजून नाही."

मुकुंद सुर्वे हे नाव त्यांच्या शिक्क्यावर आहे. माझ्या प्रत्येक नोटरी केलेल्या कागदावर तो शिक्का आहे.

पडद्यावरून कोबीबाईंनी इंग्रजीत विचारलं की ह्या कोण. सुर्वे वकील इंग्रजीत म्हणाले, "माझी आई." सगळ्या चौकोनांतून हात हलले. म्हातारीला इंग्रजी कळत नव्हतं. तिनेही पदर सावरून हात हलवला आणि मला हळूच विचारलं, "हे सगळे वकीलच का?"

आता कोबीबाईंची पाळी होती. त्यांनी करंगळी आणि कुत्रा यांना हातही लावला नाही. थेट तोच प्रश्न विचारला. बाप असेल, तर तो मुलाला सांगत का नाही? माझ्यासमोर टाचणं होती. 'भावनिक मुद्दा, नाकबूल' हे त्यांनीच मला मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगितलं होतं. मी तो कागद पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला.

"मॅडम," ते सावकाश बोलू लागले, "मुलगा ज्याला शोधतोय तो सोनेरी बटणांचा किल्लेदार आहे. त्याच्या डोक्यात बापाचं तेवढंच चित्र आहे. समोर बसलाय तो एक भिजलेला म्हातारा. मीच तो, असं तांडेलाने सांगितलं, तर मुलगा खूश होईल असं तुम्ही धरून चालता. समजा तो घाबरला तर? समजा म्हणाला, तू खोटं बोलतोस, माझा बाप कुठे लपवलास ते सांग? आणि होडीतून उतरून गेला तर? मग त्याला पलीकडे कोण नेणार? तांडेलाने कदाचित एकदा सांगून पाहिलंही असेल. खेळ सुरू व्हायच्या आधी. ते आपल्याला दाखवलेलं नाही."

ब्राझीलवाल्याने चष्मा काढला. कोबीबाई मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "मिस्टर सुर्वे, इतकी वर्षं हे तुम्ही कधीच का मांडलं नाही?"

"कारण हा पुरावा नाही, मॅडम."

मतदान झालं. थोड्या मतांनी एकवाले हरले. कोबीबाईंनी कुणाला मत दिलं हे सांगायचं नाकारलं. सुर्वे वकिलांनी अपील करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पोलंडच्या माणसाने विचारलं की अपील ऐकणार कोण. त्यावर पुढच्या सभेत समिती नेमायचं ठरलं आणि सगळे आनंदाने निरोप घेऊन गेले. हरलेला माणूस इतका प्रसन्न मी कोर्टात कधी पाहिला नाही.

मी वायरी गुंडाळत होते. सुर्वे वकिलांनी घड्याळ पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाय, जरा बसशील? आईचा फोन वाजेल, तेवढं बटण दाबून तिच्या हातात दे. एरवी तिला सांभाळायला सुमन असते, ती करते. आज रविवार, ती गेली घरी." आणि मी हो म्हणायच्या आत ते जिना उतरून गेलेही.

देवाच्या फळीवर ठेवलेला जुना मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, 'मुकुंद मुंबई'. मी बटण दाबून आजींच्या हातात दिला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता.

"आई, मी बोलतोय."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "मुकुंदा. जेवलास?"

"आत्ता जेवणार. तुझे गुडघे काय म्हणतात?"

मी गॅलरीत आले. खाली, स्कूटरला टेकून, काळा कोट आणि पांढरे बँड घातलेले सुर्वे वकील भिंतीकडे तोंड करून उभे होते. पायात बूट नव्हते. स्लिपा होत्या.

"गुडघे आहेत तसेच. ऐक, आज वकिलांकडे मोठी सभा झाली. परदेशातले वकील आले होते. मला पण हात केला त्यांनी."

"होय? मग तू काय केलंस?"

"मी पण केला. मुकुंदा, ते वकील माझं फार करतात रे. औषध वेळेवर, दूध वेळेवर. रात्री मी उठले तर ते पण उठतात. कुणाचा कोण माणूस. एकटाच आहे बिचारा, लग्न नाही झालेलं. तुझ्या ओळखीत बघ ना कुणी."

खाली सुर्वे वकिलांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. ते हसत होते, असं मला वाटतं. "बघतो, आई."

"नुसतं बघतो नको. तू कधी येतोस?"

"शिमग्याला येतो."

"नक्की?"

"नक्की. ठेवू आता? गोळी घे."

ते वर आले तेव्हा म्हातारी दाराशीच उभी होती. "वकील, आत्ताच मुकुंदाचा फोन होता. शिमग्याला येतोय."

"हो का. बरं झालं, काकी."

"तुम्ही तेव्हा कुठे गावाला-बिवाला जाऊ नका हां. इथेच थांबा. दोघांची गाठ घालून देते. तुमचं जमेल बघा त्याच्याशी."

"थांबतो ना," सुर्वे वकील म्हणाले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले. "मी कुठे जातोय?"